तोंड पाहून भाव

इयत्ता आठवी ते दहावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासाठी





मराठीत एक वाक्प्रचार आहे : तोंड पाहून टिळा लावणे. समोरचा माणूस कोण आहे, किती कामाचा आहे हे पाहून त्याच्याशी वागणे, असा त्याचा अर्थ. व्याकरणाच्या तासाला आपण तो वाक्यात वापरतो आणि पुढे जातो. या अंकात तो इंटरनेटवरच्या बाजाराला लावून पाहू. तिथे जाहिरात तर तोंड पाहून दाखवली जातेच, पण कधी कधी भावही तोंड पाहून सांगितला जातो. आपले तोंड कोणी पाहिले, केव्हा पाहिले, हे मात्र आपल्याला कळत नाही.

पालकसभेत हल्ली दोन प्रश्न वारंवार येतात. पहिला : "मुलाने एकदा फोनवर बूट पाहिले, तेव्हापासून घरातल्या प्रत्येक फोनवर बुटांच्या जाहिराती येतात. असे कसे?" दुसरा : "मला आणि माझ्या भावाला एकाच वस्तूचा वेगवेगळा भाव दिसला. ही फसवणूक आहे का?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे, दुसऱ्याचे थोडे अवघड. क्रमाने घेऊ.

राजवाड्याचा दुकानदार

राजवाड्याच्या किंवा सीतलामाता बाजाराच्या दुकानात आपण साडी घ्यायला गेलो की दुकानदार आधी आपल्याकडे पाहतो. पायातली चप्पल पाहतो, बरोबर किती माणसे आहेत ते पाहतो, बोलण्यावरून गावातले की बाहेरगावचे ते ओळखतो. घरात लग्न आहे असे कळले तर भाव थोडा वर चढतो. मग आपण घासाघीस करतो. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे माझ्या तोंडी 'मोल-भाव' हाच शब्द आधी येतो. पण 'घासाघीस' या शब्दात दोन्ही बाजू झिजतात हे छान दिसते.

म्हणजे तोंड पाहून भाव सांगणे ही काही संगणकाने शोधलेली गोष्ट नव्हे. पण त्या दुकानात आपल्या हाती तीन गोष्टी असतात. दुकानदार आपल्याला पाहतो तसे आपणही त्याला पाहतो. पटले नाही तर उठून शेजारच्या दुकानात जातो, आणि दाराशी पोहोचायच्या आत तो हाक मारतो. शिवाय मावशीने परवाच तसली साडी घेतलेली असते, त्यामुळे खरा भाव काय हे आपल्याला ठाऊक असते.

पुढे व्यापारात एकच भावाची पद्धत आली. पॅरिसमधील 'बाँ मार्शे' या दुकानाचे चालक आरिस्तिद बूसिको यांनी १८५२ नंतर वस्तूंवर ठरलेली किंमत लावून विकण्याची रीत रुजवली, असा इतिहास आहे. आपल्याकडेही 'एकच भाव' अशा पाट्या असत, अजूनही दिसतात. भारतात वेष्टनात बांधलेल्या मालावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. शाळकरी मुलगा गेला काय किंवा कलेक्टरसाहेब गेले काय, बिस्किटाच्या पुड्यावरचा आकडा दोघांना सारखाच. या साध्या आकड्याने गरीब आणि अडाणी गिऱ्हाइकाचे किती रक्षण केले आहे, याचा आपण फारसा विचार करत नाही.

बिल्ल्याची गोष्ट

आता इंटरनेटकडे वळू. १९९४ साली नेटस्केप या कंपनीत लू माँटुली नावाचे तरुण अभियंता काम करत होते. तेव्हा संकेतस्थळांना स्मरणशक्ती नव्हती. एका पानावर तुम्ही वस्तू टोपलीत टाकली आणि दुसऱ्या पानावर गेलात, की संकेतस्थळाला तुम्ही नवेच गिऱ्हाईक वाटत असा. माँटुली यांनी उपाय काढला. संकेतस्थळाने तुमच्या संगणकात एक छोटीशी चिठ्ठी ठेवायची आणि पुढच्या वेळी ती परत पाहायची. या चिठ्ठीचे नाव 'कुकी'.

देवळाबाहेर चपला ठेवताना आपल्याला बिल्ला मिळतो, तशीच ही कुकी. बिल्ल्यावर नुसता क्रमांक असतो. चपला सांभाळणाऱ्याला आपले नाव-गाव ठाऊक नसते, पण क्रमांकावरून आपल्या चपला बरोबर मिळतात. यात वाईट काहीच नाही. कुकी नसती तर प्रत्येक पानावर परत परत नाव आणि पासवर्ड टाकावा लागला असता.

आता अशी कल्पना करा, की खजराना गणपतीच्या बाहेर, सराफ्यात, दवाखान्यात, औषधाच्या दुकानात आणि शाळेच्या दारात एकाच ठेकेदाराची माणसे बसली आहेत. त्याने तुम्हाला एकच बिल्ला देऊन ठेवला आहे. तुम्ही जिथे जाल तिथे त्याचा माणूस बिल्ला पाहतो आणि वहीत लिहितो : क्रमांक अमुक, सकाळी देवळात, दुपारी दवाखान्यात, संध्याकाळी सोनाराकडे. त्याला तुमचे नाव अजूनही माहीत नाही. पण महिनाभरात शेजाऱ्यापेक्षा त्याला तुमची जास्त माहिती होईल. जाहिरात कंपन्यांनी हेच केले. हजारो संकेतस्थळांवर त्यांचा एक तुकडा बसवलेला असतो, आणि पान उघडताच तो तुकडा आपल्या मालकाला खबर देतो. याला 'तिसऱ्या पक्षाची कुकी' म्हणतात. पहिले संकेतस्थळ, दुसरे तुम्ही आणि तिसरा हा ठेकेदार.

याला आळा घालण्याचे प्रयत्न झाले आहेत. फायरफॉक्सने २०१९ मध्ये आणि ॲपलच्या सफारीने २०२० मध्ये अशा कुकींवर आपणहून बंधने घातली. गूगलनेही २०२० मध्ये क्रोममधून त्या काढून टाकण्याची घोषणा केली होती, पण जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. एप्रिल २०२१ पासून ॲपलच्या फोनवर एखाद्या ॲपला इतर ॲप आणि संकेतस्थळांवर आपला माग काढायचा असेल तर आधी परवानगी विचारावी लागते. ती नाकारण्याचा बटण तिथेच असतो.

पण कुकी हा एकच मार्ग नाही. फोनला जाहिरातीसाठी एक वेगळा क्रमांक असतो. पडद्याचा आकार, अक्षरांचे संच, भाषा, घड्याळाची वेळ अशा बारीकसारीक गोष्टी जोडूनही यंत्र ओळखता येते. आणि सर्वांत पक्का बिल्ला आपण स्वतःच वाटत असतो, तो म्हणजे मोबाईल नंबर. बिल करताना काउंटरवर मुलगा विचारतो, "नंबर बोला," आणि आपण बोलतो. कुकी पुसता येते, पण मोबाईल नंबर वर्षानुवर्षे बदलत नाही. दुकानदार आपली नंबरांची यादी जाहिरात कंपनीला देऊन "या माणसांना जाहिरात दाखवा" असे सांगू शकतो. ही सोय राजरोस उपलब्ध आहे.

पुष्कळ लोक म्हणतात की फोन आपले बोलणे ऐकतो. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सतरा हजारांहून अधिक ॲप तपासली. गुपचूप आवाज टिपून पाठवला जात असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. काही ॲप मात्र पडद्यावर काय चालले आहे ते टिपून बाहेर पाठवताना आढळली. खरे म्हणजे कान लावण्याची गरजच पडत नाही. एका घरातले फोन एकाच वाय-फायवर असतात, एकाच जागी रात्र काढतात. मुलाने बूट पाहिले की वडिलांच्या फोनवर ते दिसतात, ते यामुळे. पालकांच्या पहिल्या प्रश्नाचे हे उत्तर.

जाहिरातीचा लिलाव

तुम्ही बातमीचे पान उघडता तेव्हा त्यावरची जाहिरातीची चौकट बहुधा रिकामी असते. पान उघडत असतानाच तिचा लिलाव होतो. "अमुक क्रमांकाचा माणूस आला आहे, इंदूरचा आहे, गेल्या आठवड्यात त्याने सायकली पाहिल्या," अशी दवंडी पिटली जाते. कंपन्यांचे संगणक बोली लावतात आणि जो जिंकतो त्याची जाहिरात लागते. सगळा व्यवहार सुमारे सेकंदाच्या दहाव्या भागात उरकतो. म्हणून एकाच बाकावर बसून एकच पान उघडणाऱ्या दोन मैत्रिणींना वेगवेगळ्या जाहिराती दिसतात.

"दिसल्या तर दिसल्या, आपले काय जाते?" असे कोणी म्हणेल. त्यासाठी एक उदाहरण देतो. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी संगणकावर काही नकली वापरकर्ते तयार केले. निम्म्यांच्या पुढे 'पुरुष' लिहिले, निम्म्यांच्या पुढे 'स्त्री', आणि सर्वांना नोकरीची तीच ती संकेतस्थळे पाहायला लावली. मोठ्या पगाराच्या नोकरीसाठी मार्गदर्शन करणाऱ्या एका संस्थेची जाहिरात पुरुषांच्या गटाला १,८५२ वेळा दिसली आणि स्त्रियांच्या गटाला ३१८ वेळा. हे जाहिरातदाराने ठरवले, गूगलने ठरवले की यंत्राने स्वतःच ठरवले, ते बाहेरून सांगता येत नव्हते.

मुलींनो, या आकड्यांवर थांबून विचार करा. नको असलेली जाहिरात दिसली तर आपण कंटाळतो, तक्रार करतो. पण हवी असलेली जाहिरात, एखाद्या नोकरीची किंवा शिष्यवृत्तीची, आपल्याला दाखवलीच गेली नाही, तर तक्रार कशाची करणार? पूर्वी वर्तमानपत्रातली जाहिरात सगळ्या गावाला दिसत असे. आता कोणाला काय दिसले नाही, हे त्याचे त्यालाही कळत नाही.

भाव खरेच बदलतो का?

आता दुसरा प्रश्न. यात अफवा फार आहेत, म्हणून ज्यांची नोंद झाली आहे अशीच चार उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण सन २००० चे. ॲमेझॉनवर एकाच डीव्हीडीचे वेगवेगळे भाव दिसतात हे अमेरिकेतील गिऱ्हाइकांच्या लक्षात आले. त्यांनी आपापले भाव एकमेकांना सांगून ताडून पाहिले, म्हणून ते उघडकीस आले. कंपनीने सांगितले की गिऱ्हाइकाची माहिती पाहून हे भाव ठरवले नव्हते, कोणत्या भावाला किती विक्री होते हे पाहण्यासाठी ते कसेही वाटून दिले होते. तरी लोक चिडले, आणि कंपनीने ६,८९६ गिऱ्हाइकांना सरासरी तीन डॉलर दहा सेंट परत केले.

दुसरे उदाहरण २०१२ चे. प्रवासाची व्यवस्था करणारी ऑर्बिट्झ ही कंपनी ॲपलचा संगणक वापरणाऱ्यांना महागडी हॉटेले यादीत वरती दाखवते, असे 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने छापले. हे लोक हॉटेलवर जास्त खर्च करतात असे कंपनीला आढळले होते. त्याच खोलीचा भाव मात्र दोघांना सारखाच होता. येथे भाव बदलला नाही, क्रम बदलला. पण आपण पहिली पाच-सात नावे पाहूनच निवड करतो, त्यामुळे खिशावर परिणाम होतोच.

तिसरे उदाहरणही २०१२ चे आणि त्याच वृत्तपत्राने शोधलेले. स्टेपल्स ही कागद-पेन विकणारी मोठी कंपनी. तिच्या संकेतस्थळावर एकच स्टेपलर एकाला १५.७९ डॉलरला, तर काही मैलांवर राहणाऱ्या दुसऱ्याला १४.२९ डॉलरला दिसला. संकेतस्थळ गिऱ्हाइकाच्या ठिकाणाचा अंदाज घेत होते. जवळपास, म्हणजे साधारण वीस मैलांच्या आत, प्रतिस्पर्ध्याचे दुकान असेल तर बहुधा भाव कमी दिसे. परिणाम असा झाला की कमी भाव पाहणारे भाग सरासरीने जास्त श्रीमंत निघाले. कंपनीचे म्हणणे होते की धंद्याचा खर्च जागोजागी वेगळा असतो, म्हणून भावही वेगळे असतात.

चौथे उदाहरण शिक्षणाचे आहे, म्हणून आपल्या जास्त जवळचे. अमेरिकेत महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी एसएटी ही परीक्षा असते. तिची शिकवणी घेणारी 'प्रिन्स्टन रिव्ह्यू' ही कंपनी ऑनलाइन शिकवणीची फी सांगण्याआधी पिन कोड विचारत असे. 'प्रोपब्लिका' या वृत्तसंस्थेने २०१५ मध्ये दाखवले की त्याच शिकवणीची फी पिन कोडप्रमाणे ६,६०० पासून ८,४०० डॉलरपर्यंत बदलत होती. आशियाई कुटुंबांना जास्त फी दिसण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ दुप्पट होती. कंपनीने सांगितले की आम्ही वंश पाहत नाही, त्या भागातला खर्च आणि स्पर्धा पाहतो. हेतू नसेलही. पण मुलांच्या अभ्यासासाठी कोण पोटाला चिमटा घेऊन पैसे देईल हे पिन कोडवरून कळू शकते, एवढे यातून दिसते.

आपल्या देशात जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर या दोन कंपन्यांना नोटिसा दिल्या. एकाच प्रवासाचे भाडे आयफोनवर वेगळे आणि अँड्रॉइड फोनवर वेगळे दिसते, अशी लोकांची तक्रार होती. फोन पाहून आम्ही भाडे ठरवत नाही, असे उत्तर दोन्ही कंपन्यांनी दिले.

थोडे गणित

नववीच्या मुलांना हे गणित जमेल. समजा, दुकानदाराला एक दप्तर २५० रुपयांना पडते. तीन गिऱ्हाइके आहेत. अजय ५०० रुपयांपर्यंत देईल, बेला ४०० पर्यंत आणि चिन्मय ३०० पर्यंत.

एकच भाव ठेवायचा असेल तर :
३०० रुपये ठेवला तर तिघे घेतील. नफा ५० गुणिले ३, म्हणजे १५० रुपये.
४०० रुपये ठेवला तर दोघे घेतील. नफा १५० गुणिले २, म्हणजे ३०० रुपये.
५०० रुपये ठेवला तर एकच घेईल. नफा २५० रुपये.

म्हणून शहाणा दुकानदार ४०० रुपये भाव ठेवील. आता त्याला प्रत्येकाच्या मनातला आकडा कळला आणि त्याने तोंड पाहून भाव लावला, तर नफा २५० अधिक १५० अधिक ५०, म्हणजे ४५० रुपये. अजयला १०० रुपये जास्त पडले, बेलाला काही फरक पडला नाही, आणि ज्याला दप्तर मिळालेच नसते त्या चिन्मयला ते मिळाले.

म्हणजे या पद्धतीत कोणाचेच भले नाही असे म्हणता येणार नाही. आपली शाळा फीमध्ये सवलत देते, रेल्वे विद्यार्थ्यांना पासात सूट देते, तेही वेगवेगळ्या भावांचेच प्रकार आहेत. पण त्यांचा नियम उघड असतो. कोणाला किती सवलत आणि का, हे विचारता येते.

आता मुख्य प्रश्न असा, की अजय ५०० रुपये देईल हे संगणकाला कसे कळले? त्याला अजयचा खिसा दिसत नाही. त्याला दिसते ते एवढेच, की अजयने तेच दप्तर चार वेळा पाहिले, शाळा परवा सुरू होते आणि त्याच्या भागात दुसरे कोणी परवापर्यंत पोहोचवत नाही. यात अजयची श्रीमंती कुठेच नाही. दिसते ती त्याची नड. स्टेपलरच्या उदाहरणातही तेच झाले : जवळ दुसरे दुकान नव्हते त्याला जास्त भाव पडला. "अडला हरी, गाढवाचे पाय धरी" म्हणतात ना, तसे. ऐपत पाहून भाव लावला तर त्यात कदाचित न्याय असेल. नड पाहून लावलेल्या भावात तो नसतो, आणि संगणकाला ऐपतीपेक्षा नड लवकर दिसते.

प्रत्येक वेळी पाळतच असते का?

नाही. हे स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. दोन फोनवर दोन भाव दिसले की लगेच फसवणुकीचा आरोप करू नये. विमानाच्या एकाच उड्डाणात तिकिटांचे अनेक गट असतात, स्वस्त गट संपला की पुढच्याला महाग तिकीट दिसते. पाऊस आला, कार्यालये सुटली की टॅक्सीचे भाडे सगळ्यांनाच वाढून दिसते. एकाच वस्तूचे विक्रेते वेगळे असतात, पोहोचवण्याचा खर्च पिन कोडप्रमाणे बदलतो, नव्या गिऱ्हाइकाला कूपन मिळते, ठरावीक बँकेच्या कार्डावर सूट असते.

'इन्कॉग्निटो' उघडले की स्वस्त मिळते, हाही पक्का नियम नाही. त्याने एवढेच होते की खिडकी बंद केल्यावर त्या वेळच्या कुकी आणि पाहिलेल्या पानांची नोंद आपल्या यंत्रातून पुसली जाते. आपण लॉगिन केले की संकेतस्थळ आपल्याला ओळखतेच.

अडचण अशी की भाव का बदलला, हे घरी बसून सांगता येत नाही. राजवाड्याच्या दुकानात आपल्या हाती असलेल्या तीन गोष्टींपैकी दोन इथे निसटतात. समोरचा आपल्याला पाहतो, आपण त्याला पाहू शकत नाही. आणि मावशीला काय भाव पडला हेही कळत नाही, कारण मावशीचा पडदा वेगळा. तिसरी गोष्ट, उठून दुसऱ्या दुकानात जाणे, ती मात्र अजून आपल्या हाती आहे.

कायदा काय सांगतो?

आठवीच्या नागरिकशास्त्रात आपण मूलभूत हक्क शिकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. बालकाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची खात्रीलायक संमती घ्यावी लागते. बालकांवर पाळत ठेवणे, त्यांच्या वागण्याचा माग काढणे आणि त्यांना नेम धरून जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे. बालकांविषयीची कर्तव्ये मोडली तर दंड दोनशे कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो.

भावाबद्दलही नियम आहे. ई-कॉमर्ससाठी जुलै २०२० मध्ये आलेल्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे, अवाजवी नफ्यासाठी भावात फेरफार करणे आणि एकाच वर्गातील ग्राहकांमध्ये भेदभाव करणे यांना मनाई आहे. शिवाय ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय प्राधिकरणाने गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या तेरा युक्त्यांची यादी अधिसूचित केली. 'फक्त एकच नग उरला' अशी खोटी घाई करणे, न विचारता टोपलीत वस्तू टाकणे, आधी कमी भाव दाखवून शेवटच्या पानावर आकार वाढवत नेणे, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल असे बटण ठेवणे, या सर्व युक्त्या तिच्यात आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तो पाठच करून ठेवावा.

बाहेर काही ठिकाणी आणखी एक पाऊल टाकले गेले आहे. युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून, ग्राहकाची माहिती वापरून यंत्राने भाव ठरवला असेल तर तसे त्याला सांगावे लागते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात नोव्हेंबर २०२५ पासून अशा भावाशेजारी तसे लिहिणे बंधनकारक झाले. राज्यकर्त्यांनी तिथे भाव बदलायला बंदी केली नाही, नियम उघड करायला लावला. वरच्या गणितात आपण तोच मुद्दा पाहिला.

घरी काय करावे?

पालकांना माझी पहिली विनंती वयाबद्दल आहे. मुलाचे खाते उघडताना अडचण येऊ नये म्हणून अनेक घरांत जन्मवर्ष खोटे घातले जाते. त्या क्षणी मूल यंत्राच्या लेखी मोठे होते, आणि कायद्याने त्याला दिलेले संरक्षण आपण आपल्या हाताने काढून घेतो. कृपा करून असे करू नये.

दुसरी गोष्ट मोबाईल नंबरची. बिलासाठी नंबर देणे आवश्यक नसेल तर "नको" म्हणावे. त्यात संकोच नसावा. शिकवणीच्या 'मोफत चाचणी'साठी मुलाचे नाव, इयत्ता, गुण आणि आपला नंबर देण्यापूर्वी थांबावे. दहावीचे वर्ष हे घराच्या नडीचे वर्ष असते, आणि ही नड ओळखणारे पुष्कळ आहेत.

तिसरी, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन जाहिरातीचा क्रमांक पुसावा, ॲपना दिलेल्या परवानग्या पाहाव्यात, ब्राउझरमध्ये तिसऱ्या पक्षाच्या कुकी बंद कराव्यात. हे काम मुलांना सांगा, त्यांना ते आपल्यापेक्षा लवकर जमते.

आणि चौथी गोष्ट सर्वांत जुनी : भाव विचारावा आणि सांगावा. मोठी खरेदी असेल तर आत्याला, शेजाऱ्याला त्यांच्या फोनवर पाहायला सांगा. गल्लीतल्या दुकानातही विचारा. २००० साली ॲमेझॉनचे प्रकरण कोणत्या यंत्राने पकडले नव्हते. गिऱ्हाइकांनी एकमेकांना भाव विचारला, म्हणून ते पकडले गेले.

शाळेपुरते

विश्वस्त मंडळापुढे मी तीन सूचना ठेवत आहे. एक, शाळेने कोणतेही ॲप किंवा ऑनलाइन सेवा घेण्यापूर्वी ती विद्यार्थ्यांची कोणती माहिती घेते, कोणाला देते आणि केव्हा पुसते, याचे लेखी उत्तर मागावे. दोन, पालकांचे नंबर आणि मुलांची यादी शिकवणीवाल्यांना, वह्या-गणवेशाच्या विक्रेत्यांना किंवा अन्य कोणालाही देऊ नये. तीन, अशा सेवांची यादी सूचनाफलकावर लावावी. शिक्षण आणि मुलांची सुरक्षितता यांसाठी नव्या नियमांत शाळांना काही सूट आहे, पण ती तेवढ्याच कामापुरती आहे. पालकांनी विश्वासाने भरून दिलेला प्रवेश अर्ज हीही माहितीच आहे, आणि तिची राखण आपली जबाबदारी आहे.

स्वाध्याय

१. घरातील तीन वेगवेगळे फोन घ्या. एकाच वेळी, एकाच पिन कोडसाठी, एकाच विक्रेत्याची एकच वस्तू तिन्हींवर पाहा. मूळ भाव, सूट, पोहोचवण्याचा खर्च आणि एकूण रक्कम यांचा तक्ता करा. तीन दिवस तीच वेळ ठेवून पुन्हा करा.

२. फरक आढळला तर त्याची शक्य असलेली सर्व कारणे लिहा. तुमच्या तक्त्यावरून कोणते कारण सिद्ध होते आणि कोणते होत नाही, ते वेगळे लिहा.

३. वरच्या गणितात दप्तर २५० ऐवजी ३५० रुपयांना पडत असेल तर एकच भाव किती ठेवावा? तोंड पाहून भाव लावल्यास नफा किती होईल?

४. घरातील दोन मोठ्या माणसांना विचारा : त्यांच्या लहानपणी बाजारात भाव कसा ठरत असे? उत्तर दहा ओळींत लिहा. आजी-आजोबा ज्या शब्दांत सांगतील त्याच शब्दांत लिहिले तर उत्तम.

५. 'तोंड पाहून टिळा लावणे' हा वाक्प्रचार वापरून एक वाक्य लिहा. वाक्यात बाजार नसावा.

तक्ते वर्गशिक्षकांकडे द्यावेत. सर्व वर्गांचे तक्ते एकत्र करून त्यांचा गोषवारा पुढील अंकात देऊ. भाव सारखेच निघाले तरी तक्ता जरूर द्या. जे आढळले तेच लिहायचे, ही विज्ञानाच्या वहीची शिस्त येथेही पाळायची आहे.

आपला,
प्राचार्य